लेनर्ड की हॅगलर? "त्याने त्याला हरवलं" एवढ्यावर विषय संपतो का?

पेठेतला | शुक्रवार, रात्री ११:४२

मंडळी नमस्कार. बॉक्सिंगवर इथे फार कोणी लिहीत नाही, मेरी कोम किंवा विजेंदरच्या मेडलच्या वेळी तेवढे धागे वर आले आणि परत बुडाले. पण गेले काही दिवस जेवण झालं की मी यूट्यूबवर ८० च्या दशकातल्या फाइट्स लावून बसतोय आणि घरच्यांच्या शिव्या खातोय. सुरुवात अलीपासून केली, मग टायसन, आणि तिथून कसा कोण जाणे त्या चौघांपर्यंत पोचलो, लेनर्ड, हॅगलर, हर्न्स आणि दुरान. हेवीवेटपेक्षा हे प्रकरण लैच भारी आहे राव, हे चौघं एकमेकांना टाळत नाहीत, फिरून फिरून एकमेकांच्याच समोर येतात.

तर प्रश्न असा. शुगर रे लेनर्डने ६ एप्रिल १९८७ ला मार्व्हिन हॅगलरला हरवलं. त्याआधी बेनितेझ, दुरान, हर्न्स हे तिघंही त्याने हरवलेले. शिवाय १९७६ चं मॉन्ट्रियल ऑलिंपिक गोल्ड, पाच वेगवेगळ्या वजनगटांत टायटल. माझ्या हिशोबाने यात वाद घालण्यासारखं काही उरतच नाही. तरीपण प्रत्येक व्हिडिओच्या खाली निम्मे लोक भांडतायत की करिअर म्हणून हॅगलरच मोठा. नुसतं टक्कल आणि खुनशी नजर बघून फॅन झालेत का हे लोक, की खरंच काही मुद्दा आहे? जाणकारांनी जरा इस्कटून सांगा. आणि प्लीज सचिन की द्रविड आणू नका, तो धागा वेगळा आहे आणि तिकडे अजून रक्त वाहतंय.


शिळा वडापाव | शुक्रवार, रात्री ११:५१

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. १९८७ म्हटलं की आम्हाला रिलायन्स कप आणि गॅटिंगचा रिव्हर्स स्वीप, बाकी त्या साली जगात अजून काय झालं हे आत्ता कळतंय.


डाव्या हाताचा | शनिवार, रात्री १२:३५

पेठेतले साहेब, नजर बघून फॅन झालो हे खरंय पण तेवढंच नाही.

आधी एक तारीख लक्षात ठेवा, ३० नोव्हेंबर १९७९, लास वेगासचं सीझर्स पॅलेस. त्या एकाच रात्री एकाच कार्यक्रमात दोघांचीही टायटल फाइट होती. लेनर्डसमोर विल्फ्रेड बेनितेझ, वेल्टरवेट (१४७ पौंड), आणि हॅगलरसमोर व्हितो अँतुओफेर्मो, मिडलवेट (१६० पौंड). लेनर्डने बेनितेझला पंधराव्या राउंडमध्ये थांबवलं आणि बेल्ट घरी नेला. हॅगलरने अँतुओफेर्मोच्या तोंडाचा पार नकाशा करून टाकला, पण निकाल काय, तर ड्रॉ. एका जजने हॅगलरला दिली, एकाने अँतुओफेर्मोला, तिसऱ्याने सारखे पॉइंट. ड्रॉ म्हणजे बेल्ट चॅम्पियनकडेच राहणार. आता पैसे बघा. लेनर्डला त्या रात्री दहा लाख डॉलर मिळाले आणि हॅगलरला चाळीस हजाराच्या आसपास. आणि लेनर्डला १९७७ ला प्रोफेशनल म्हणून पहिल्याच फाइटला साधारण तेवढेच, चाळीस हजार, मिळाले होते! म्हणजे ऑलिंपिक गोल्ड घेऊन आलेल्या, टीव्हीवर गोड हसणाऱ्या पोराला पदार्पणात जे मिळालं ते या माणसाला साडेसहा वर्षं राबून, पन्नासेक फाइट खेळून, वर्ल्ड टायटलच्या लढतीत मिळालं.

का थांबावं लागलं एवढं? कारण कोणाला त्याच्याशी लढायचंच नव्हतं. डावखुरा, म्हणजे उजवा हात-पाय पुढे ठेवून उभा राहणारा, त्यात मनात आलं की खटकन स्टान्स बदलणारा, ताकद भरपूर, हनुवटी दगडी, आणि वर नाव नाही की मागे टीव्हीवाले नाहीत. अशा माणसाशी लढून चॅम्पियनला मिळणार काय? जुना हेवीवेट चॅम्पियन जो फ्रेझरने त्याला तोंडावर सांगितलं होतं की तुझ्याविरुद्ध तीन गोष्टी आहेत, तू काळा आहेस, तू डावखुरा आहेस आणि तू चांगला आहेस. शेवटी मॅसॅच्युसेट्सचे टिप ओनील आणि टेड केनेडी यांच्यासारख्या पुढाऱ्यांना पत्रं लिहावी लागली तेव्हा कुठे त्याची टायटलची वाट मोकळी झाली. त्या काळात तो फिलाडेल्फियाला जाऊन तिथल्या लोकल पोरांशी त्यांच्याच अंगणात लढायचा. बॉबी वॉट्स आणि विली मनरोकडून १९७६ ला हरला आणि नंतर दोघांनाही बडवून हिशोब चुकता केला.

मग सप्टेंबर १९८० ला लंडनला, वेम्बलीत, अ‍ॅलन मिंटरला तिसऱ्या राउंडमध्ये फोडून बेल्ट घेतला. मिंटर फाइटच्या आधी बोलून बसला होता की काळ्या माणसाकडे मी टायटल जाऊ देणार नाही, त्यामुळे वातावरण आधीच पेटलेलं. रेफ्रीने फाइट थांबवली आणि स्टेडियममधून बाटल्या, बिअरचे कॅन रिंगमध्ये यायला लागले. व्हिडिओ बघाच, हॅगलर गुडघ्यावर बसलाय आणि त्याच्या कॉर्नरची माणसं अंगाचं छत्र करून त्याच्यावर ओणवी झालीयेत. सात वर्षांहून जास्त वाट बघितलेला माणूस वर्ल्ड चॅम्पियन होतो आणि पोलिसांच्या गराड्यात पळत ड्रेसिंग रूम गाठतो. बेल्ट कमरेला लावून फोटोसुद्धा नाही.

त्यानंतर साडेसहा वर्षं तो चॅम्पियन होता, बारा डिफेन्स (म्हणजे बारा वेळा बेल्ट पणाला लावून राखला), त्यातले अकरा नॉकआउट किंवा स्टॉपेज. ६७ फाइट्स, ६२ जिंकल्या, ५२ नॉकआउट, ३ हरला, २ ड्रॉ. एकाच वजनात, १६० पौंडात, आयुष्यभर. वजन वाढवून सोपा बेल्ट उचलायला कुठे गेला नाही. मोठा कोण ते तुम्हीच ठरवा.


सुलभा_म | शनिवार, सकाळी ७:१०

डाव्या हाताचा, लिहिलंय झकास पण यातला अर्धा भाग "बिचाऱ्याला किती सोसावं लागलं" हाच आहे. सोसलं हे मान्य. पण सोसण्याचे मार्क वेगळे आणि बॉक्सिंगचे वेगळे.

बारा डिफेन्स म्हणताय ना, मग नावं पण घ्या. ओबेलमेखियास दोनदा, हामशो दोनदा, केव्हमन ली, विल्फर्ड सायपियन, टोनी सिब्सन, रोल्डान, अँतुओफेर्मो परत एकदा. यातल्या किती जणांचं नाव आज कोणाला आठवतं? केव्हमन ली तर ६७ सेकंद टिकला. चांगले बॉक्सर होते, नाही म्हणत नाही, पण महान कोणी नाही. राहिले तीन. मुगाबी, जो खरं तर १५४ पौंडवाला. हर्न्स, जो वेल्टरमधून वर चढत आलेला. आणि दुरान, जो मूळचा १३५ पौंडाचा, लाइटवेट! त्या दुरानविरुद्ध १९८३ ला काय झालं ते सोयीस्करपणे गाळलंत. १३ राउंड झाल्यावर दोन जजेसच्या कार्डवर दुरान एका पॉइंटने पुढे होता आणि तिसऱ्याकडे बरोबरी. हॅगलरने शेवटचे दोन राउंड घेतले म्हणून वाचला. पंचवीस पौंड खालून आलेल्या माणसाने मिडलवेटच्या बादशहाला पंधराव्या राउंडपर्यंत टांगून ठेवलं होतं. अकरा नॉकआउट म्हणताय, बाराव्याचं पण बोला की.

आता लेनर्डचं बघू. बेनितेझ, १७ व्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झालेला, तोवर एकदाही न हरलेला. दुरान, पहिल्या फाइटच्या वेळी ७१ जिंकलेला आणि १ हरलेला. कालुले, ३६ पैकी ३६. हर्न्स, ३२ पैकी ३२ आणि त्यातले ३० नॉकआउट. हे सगळं नोव्हेंबर १९७९ ते सप्टेंबर १९८१, दोन वर्षंसुद्धा नाहीत. अशी दोन वर्षं बॉक्सिंगच्या इतिहासात किती जणांच्या वाट्याला आली, शोधून दाखवा.

आणि जिंकला कसा ते पण बघा. जून १९८० ला मॉन्ट्रियलमध्ये दुरानने डिवचलं म्हणून मर्दानगी दाखवायला त्याच्याशी जागेवर उभं राहून मारामारी केली आणि हरला. पाच महिन्यांनी न्यू ऑर्लिन्सला संपूर्ण वेगळा माणूस. नाचतोय, जीभ काढतोय, उजवा हात गरागरा फिरवून डाव्याने जॅब टाकतोय. आठव्या राउंडमध्ये दुरान हात हलवून सरळ वळला आणि चालायला लागला, "नो मास", स्पॅनिशमध्ये "बस झालं". तो दुरान, ज्याला सगळे दगडी हाताचा म्हणायचे! मान्य आहे, दुरानने मधे वजन वाढवून ठेवलं होतं आणि तयारी धड नव्हती, पण त्याला लवकर परत रिंगमध्ये ओढायचं हे पण लेनर्डचंच डोकं.

हर्न्सबरोबरची पहिली फाइट तर मी कोणालाही बघायला लावते. उकाड्यात, सीझर्स पॅलेसच्या मागच्या उघड्या स्टेडियममध्ये, डावा डोळा सुजून बंद व्हायला आलेला, तिन्ही जजेसकडे मागे. तेराव्याच्या आधी त्याचा ट्रेनर अँजेलो डंडी कॉर्नरमध्ये सांगतो, पोरा, तू घालवतोयस, हातातनं घालवतोयस. आणि मग तेराव्या-चौदाव्यात जे काही होतं ते. हर्न्स दोरांमधून बाहेर लटकतोय. हे फक्त गोड हसणाऱ्या पोराला जमत नाही हो.


शिळा वडापाव | शनिवार, सकाळी ८:०२

सुलभाताई +१. डाव्या हाताचा भाऊ, इनो देऊ का?


डाव्या हाताचा | शनिवार, सकाळी ९:२०

इनो नको, उत्तर देतो. छोटी माणसं छोटी माणसं म्हणताय तर लालोंडचं काय? नोव्हेंबर १९८८, डॉनी लालोंड लाइट हेवीवेट चॅम्पियन, म्हणजे १७५ पौंडवाला. लेनर्डने अट घातली की १६८ वर यायचं. आणि त्याच एका फाइटमध्ये दोन बेल्ट लावले, १७५ चा पण आणि नवीन निघालेला १६८ चा पण. १७५ चा चॅम्पियन झाला पण १७५ वर लढलाच नाही. पाच वजनगट म्हणताना तेवढी एक चांदणी टाकत जा वर. (लालोंडने चौथ्या राउंडला पाडलं होतं त्याला, हेही जाता जाता.)

हर्न्सचा दुसरा सामना, जून १९८९. लेनर्ड दोनदा खाली पडला आणि ड्रॉ दिली. पुढे लेनर्डने स्वतः सांगितलंय की ती हर्न्सची होती.

आणि तुमच्या त्या हर्न्सचं हॅगलरने काय केलं? १५ एप्रिल १९८५. तीन राउंडसुद्धा पूर्ण नाहीत, आठ मिनिटांत खेळ खल्लास. पहिला राउंड लावा आणि श्वास घेऊन दाखवा. हर्न्सने आपला उजवा हात हॅगलरच्या टाळक्यावर मारून मारून पहिल्याच राउंडमध्ये मोडून घेतला. हॅगलरचं कपाळ फुटलं, रक्त डोळ्यात, तिसऱ्यात रेफ्रीने डॉक्टरला बोलावलं, डॉक्टर विचारतो दिसतंय का, हा म्हणतो, माझे ठोसे चुकतायत का? आणि परत जाऊन हर्न्सला झोपवला. लेनर्डला त्याच हर्न्ससाठी चौदा राउंड लागले.


पूर्वकिनारा | शनिवार, सकाळी ९:५५

मी बॉस्टनच्या दक्षिणेला राहतो, हॅगलरचं गाव ब्रॉक्टन इथून गाडीने अर्धा तास. कामानिमित्त बऱ्याचदा जाणं होतं म्हणून चार ओळी.

एके काळी बुटांचं गाव होतं हे, कारखानेच कारखाने, आता ते सगळं गेलं. हेवीवेट चॅम्पियन मार्सियानो इथलाच, त्याचा भला उंच पुतळा हायस्कूलच्या स्टेडियमपाशी उभा आहे. हॅगलर जन्माने इथला नव्हे, न्यू जर्सीतल्या न्यूअर्कचा. १९६७ च्या दंगलीत तिथलं घरदार उठलं आणि आई पोरांना घेऊन इकडे आली. इथे पेट्रोनेली बंधूंच्या जिममध्ये गेला, गुडी आणि पॅट. त्यांचा बांधकामाचा धंदा होता, हॅगलर दिवसा त्यांच्याकडेच कामाला आणि संध्याकाळी जिममध्ये. १९७३ ला पहिली प्रोफेशनल फाइट ब्रॉक्टन हायस्कूलमध्येच झाली. आणि शेवटच्या फाइटला पण कॉर्नरमध्ये तेच दोघं भाऊ. मधे कितीतरी मोठे प्रमोटर-मॅनेजर आले असतील, याने माणसं बदलली नाहीत. इथल्या जुन्या लोकांशी बोलताना मला जाणवलं की त्यांना हॅगलरचं कौतुक डिफेन्सच्या आकड्यासाठी नाहीच. आमचा माणूस, विटा उचलणारा, एवढंच.

ट्रेनिंगला तो केप कॉडच्या टोकाला प्रॉव्हिन्सटाउनला जायचा, तेही ऑफ सीझनला, जेव्हा तिथे वारा आणि बंद हॉटेलं सोडून काही नसतं. मी एकदा हिवाळ्यात गेलोय, समुद्राचा वारा कान कापून नेतो. तिथे हा जाड मिलिटरी बूट घालून वाळूत पळायचा, आणि उलटं पण पळायचा. त्या जागेला तुरुंग म्हणायचा. त्याचं ते प्रसिद्ध वाक्य आहे ना, रेशमी पायजम्यात झोपणाऱ्याला पहाटे पाचला उठून पळायला जाणं जड जातं.


सुलभा_म | शनिवार, सकाळी १०:३०

पूर्वकिनारा, छान लिहिलंत. गंमत अशी की १९८७ ला हाच हॅगलर रेशमी पायजमावाल्याकडून हरला :)


पेठेतला | शनिवार, दुपारी १:१५

वा वा, दंगा चालू आहे. मला १९८७ च्या फाइटबद्दल नीट कोणीतरी सांगा की, कारण मी ती एकदाच बघितली तेव्हा मला लेनर्ड सरळ जिंकलेला वाटला आणि कॉमेंटमध्ये लोक दरोडा दरोडा ओरडतायत. हा दरोडा नक्की कुठे पडला?


राउंड तेरावा | शनिवार, दुपारी ४:४०

दरोडाबिरोडा काही नाही. ती फाइट मी आवाज बंद करून, वही घेऊन बघितलीय, कॉमेंटेटर डोक्यात शिरू नये म्हणून. तुम्हीही तशीच बघा, निम्मा वाद तिथेच मिटतो.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण ती माहीत नसेल तर त्या रात्रीचं वजन कळत नाही. १९८२ ला लेनर्डच्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला, ऑपरेशन झालं. नोव्हेंबरमध्ये बाल्टिमोरला मोठा समारंभ करून, हॅगलरला पाहुणा म्हणून बोलावून, त्याच्यासमोर जाहीर केलं की आपल्या दोघांची फाइट कधीच होणार नाही. सूट घालून बसलेल्या हॅगलरच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कमाई तिथेच गेली. मग १९८४ ला लेनर्ड एकदा परत आला, केव्हिन हॉवर्ड नावाच्या माणसाने त्याला पाडलं, जिंकला पण लाज वाटून परत निवृत्त. म्हणजे १९८२ च्या फेब्रुवारीनंतर पाच वर्षांत फक्त एक फाइट. मार्च १९८६ ला रिंगच्या बाजूला बसून त्याने हॅगलर-मुगाबी बघितली. हॅगलर जिंकला, पण अकरा राउंड मार खात, थकत. लेनर्डने तिथेच ओळखलं की हा आता हळू झालाय. कोणाशी लढायचं यापेक्षा कधी लढायचं हे त्याच्याइतकं कोणाला कळलं नाही.

मग अटी. मोठी रिंग, २० फुटी, पळायला जागा. आठऐवजी दहा औंसाचे ग्लोव्हज, म्हणजे ठोशाची धार कमी. बारा राउंड. यातल्या बारा राउंडवरून लोक फार बोंबलतात, पण हॅगलरची हर्न्सविरुद्धची फाइट पण बाराचीच ठरलेली होती, त्यामुळे तो मुद्दा मला पटत नाही. हॅगलरच्या लोकांनी या सगळ्याला हो म्हटलं कारण पैसे जास्त मिळत होते, हॅगलरला बारा मिलियन आणि लेनर्डला अकरा. पैशात पहिल्यांदाच हॅगलर वर. बाकी सगळं लेनर्डच्या मनासारखं.

आता फाइट. घंटा वाजते आणि हॅगलर उजव्या हाताच्या माणसासारखा उभा राहतो, डावा पाय पुढे. आयुष्यभर डावखुरा म्हणून ज्याने जग हैराण केलं तो सगळ्यात मोठ्या फाइटला ऑर्थोडॉक्स! कशाला? तू डावखुऱ्यासाठी तयारी केलीस तर घे, मी दुसराच, असं दाखवायला म्हणा, की गर्व म्हणा, पण पहिले दोन राउंड त्याने हवेत घालवले. बारा राउंडच्या फाइटमध्ये दोन राउंड दान. तिसऱ्यापासून आपल्या मूळ स्टान्सवर आला पण तोवर लेनर्डचे पाय गरम झालेले. चौथ्यात लेनर्डने खालून हात गोल फिरवून पोटात बोलो पंच घातला आणि सगळं सीझर्स पॅलेस उभं राहिलं. ठोशाने हॅगलरचं काही बिघडलं नाही पण जजेसच्या मनावर काय झालं असेल ते बघा.

पाचव्यापासून हॅगलर येतो. पाचव्याच्या शेवटी त्याचा एक अपरकट बसतो, उजव्या हाताचा, आणि लेनर्डचे पाय क्षणभर लुळे पडतात. तिथून पुढे हॅगलर सारखा मागे लागलेला, लेनर्ड सारखा बाजूला होतोय, आणि मग ती प्रसिद्ध युक्ती. राउंडचे शेवटचे तीस सेकंद उरले की लेनर्डच्या कॉर्नरमधून आवाज येतो, "थर्टी!" आणि इतका वेळ पळणारा लेनर्ड अचानक थांबून दहा-बारा ठोशांचा सडा टाकतो. त्यातले निम्मे हॅगलरच्या हातांवर. पण जज पेन उघडून बसलाय आणि शेवटी त्याला काय दिसलं, तर लेनर्ड मारतोय. पास होणाऱ्या पोरांना माहीत असतं ना, पेपर तपासणारा शेवटचं पान नीट बघतो, तसलं काम. नववा राउंड मात्र खरा. हॅगलर त्याला कोपऱ्यात गाठतो, आता संपला असं वाटतं आणि लेनर्ड तिथून नुसता निसटत नाही तर मारत मारत बाहेर येतो, परत कोपऱ्यात, परत बाहेर. त्या तीन मिनिटांत डोळ्याचं ऑपरेशन झालेला, पाच वर्षं घरी बसलेला माणूस तिथे लढतोय हे विसरायला होतं.

ठोशांची मोजणी सांगते की लेनर्डने ६२९ मारले, ३०६ लागले. हॅगलरने ७९२ मारले, २९१ लागले. दोन जज ११५-११३, पण एक लेनर्डसाठी आणि एक हॅगलरसाठी, आणि तिसरा, होहो गेर्रा, ११८-११० लेनर्ड. हा ११८-११० म्हणजे हॅगलरने बारापैकी फक्त दोन राउंड जिंकले. हे कार्ड वेडेपणा आहे, ज्याला "दरोडा" म्हणतात तो या एका कार्डापुरता. पण त्यातही विनोद असा की गेर्राच्या जागी आधी इंग्लंडचे हॅरी गिब्ज ठरले होते, हॅगलरच्याच माणसांनी त्यांना हरकत घेतली. आणि गिब्जनी नंतर सांगितलं की मी घरी बघत होतो, माझी फाइट हॅगलरला होती.

माझ्या वहीत ११५-११३ लेनर्ड. आणि तरीही, पेठेतले, करिअर मोठं कोणाचं विचाराल तर माझं मत हॅगलर. कारण लेनर्डच्या ४० फाइट्सच्या करिअरमध्ये मोठमोठी भोकं आहेत. १९८२ ते १९८७ या काळात, ज्या वयात बॉक्सर टिपेला असतो, तो नव्हताच. डोळा हे कारण खरं, पण ते पाच वर्षांचं रिकामं पान रिकामंच राहतं. हॅगलर त्या पाचही वर्षांत दर वेळी जो समोर येईल त्याच्याविरुद्ध बेल्ट पणाला लावत होता.


सुलभा_म | शनिवार, संध्याकाळी ६:०५

राउंड तेरावा, जबरी प्रतिसाद, वाचनखूण साठवली. पण आता धमाल बघा. माझ्या मते ती फाइट हॅगलरने जिंकली होती, ११५-११३, फिलिप्पो या जजसारखीच. शेवटच्या तीस सेकंदांना मी भुलत नाही, बाकी अडीच मिनिटं पुढे कोण चाललंय आणि जड ठोसे कोणाचे बसतायत ते बघते.

आणि तरीही मोठा लेनर्डच! म्हणजे तुमचं बरोबर उलटं. तो निकाल उलटा लागला असता तरी माझं मत हललं नसतं. बेनितेझ, दुरान, हर्न्स हे तिघं आपापल्या भरात असताना हरवणं हे त्या एका रात्रीवर अवलंबून नाही. उलट मी तर म्हणेन की हॅगलरला ती फाइट दिली असती तरी त्याच्या नावावर भरातला, आपल्याच वजनाचा, महान म्हणावा असा एकही विजय नसता. पाच वर्षं रिंगबाहेर असलेला वेल्टरवेट हरवला, एवढंच झालं असतं.


डाव्या हाताचा | शनिवार, संध्याकाळी ६:४०

आपल्या वजनाचा महान माणूस त्या काळात होता कुठे? आधीचा महान मिडलवेट चॅम्पियन मॉन्झॉन निवृत्त झालेला. जे होते ते सगळे हरवले. समोर कोणी उरलं नाही हा त्याचा दोष कसा?

आणि शेवट कसा केला ते पण मोजा की. हरल्यावर रीमॅच मागत राहिला, लेनर्ड दोन महिन्यांच्या आत परत निवृत्त. हॅगलर वर्षभर थांबला, १९८८ ला सांगितलं पुरे, आणि इटलीला मिलानला निघून गेला, सिनेमात कामं केली, इटालियन शिकला. पुढे १९९० च्या सुमाराला रीमॅच देऊ केली, पंधरा मिलियनचा आकडा सांगतात, तर हा नाही म्हणाला. त्यानंतर एकदाही ग्लोव्हज घातले नाहीत. २०२१ ला गेला तेव्हापर्यंत तीन पराभवांवर चौथा चढला नव्हता. लेनर्ड काय करत होता? १९९१ ला टेरी नॉरिसकडून न्यूयॉर्कला मार खाल्ला, आणि १९९७ ला चाळिसाव्या वर्षी कामाचोसमोर उभा राहिला आणि पाचव्या राउंडात आटोपला.


सुलभा_म | शनिवार, संध्याकाळी ७:१५

घरी कधी जायचं ते कळणं चांगलंच, पण ते बॉक्सिंगच्या कार्डवर कुठल्या राउंडला लिहू सांगा. तसं असेल तर अलीला पण खाली आणा, त्याचा शेवट तर याहून वाईट.


शिळा वडापाव | शनिवार, रात्री ९:३०

मी तटस्थ. पण एक शंका, या सगळ्यात दुरानला कोणी विचारतंय का? १३५ वरून येऊन लेनर्डला एकदा हरवलं, हॅगलरला शेवटपर्यंत रडवलं.


डाव्या हाताचा | शनिवार, रात्री ९:४४

वडापाव, तू आता शुद्ध काडी टाकतोयस.


पेठेतला | शनिवार, रात्री १०:२०

सगळ्यांना धन्यवाद, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. माझं मत अजून लेनर्डकडेच झुकतंय पण "हरवलं म्हणून मोठा" हे माझं कारण आता टिकत नाही, सुलभाताईंचं कारण घेतो. उद्या रविवार आहे, पहिल्यांदा ती ३० नोव्हेंबर १९७९ ची रात्र लावतो, अँतुओफेर्मो आणि मग बेनितेझ, दोन्ही पंधरा-पंधरा राउंड म्हणजे दुपार गेली.


राउंड तेरावा | शनिवार, रात्री १०:३२

लावा. फक्त बेनितेझच्या वेळी चौदाव्यानंतर चहा टाकायला उठू नका, रेफ्री थांबवतो तेव्हा पंधरावा संपायला सहा सेकंद उरलेले असतात.